सहल रद्द केली त्या दिवशी काय माहीत होतं?

९ मार्च २०२० ला माझ्या बाबांनी एका टूर कंपनीला ईमेल पाठवला. तीन ओळींचा. ६ मेची युरोपची सहल आम्ही रद्द करत आहोत, भरलेले १ लाख रुपये परत करावेत, आपला विश्वासू. आई-बाबांच्या लग्नाला त्या वर्षी ३० वर्षं होणार होती, म्हणून आईने डिसेंबरातच बुकिंग करून ठेवलं होतं. इटलीच्या बातम्या टीव्हीवर यायला लागल्या आणि तिची झोप उडाली. "अहो, पैसे गेले तर गेले, पण आधी कळवून टाका," ती म्हणाली. बाबांनी कळवून टाकलं.

कंपनीने कॅन्सलेशन चार्जेस म्हणून ४०,००० कापले आणि ६०,००० परत केले. दोन आठवड्यांनी देशभर लॉकडाऊन लागला. ती सहल कुणाचीच झाली नाही. त्याच ग्रुपमध्ये आमच्या खालच्या मजल्यावरचे काका-काकूही होते. ते काहीच न करता थांबले होते. त्यांना पूर्ण रकमेची क्रेडिट नोट मिळाली. बाबा अजून मधूनच विचारतात, "म्हणजे आपण आधी विचार केला, तीच चूक झाली का गं?"

संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी हे कशाला वाचायचं, असं तुम्हाला वाटेल. माझी एमएस्सी स्टॅटिस्टिक्सची आणि पीएचडीचा विषय अनिश्चिततेत घेतलेले निर्णय. त्यातलं एक प्रकरण करार रद्द करण्याच्या हक्काच्या इतिहासाबद्दल आहे. ते लिहिताना मला दिसलं, की बाबांचा प्रश्न जवळपास सव्वाशे वर्षं न्यायालयांत फिरतो आहे. त्या प्रवासात एका विज्ञानाच्या विद्यार्थिनीला काय शिकायला मिळालं, ते आज सांगते.

सुरुवात १९०२ च्या लंडनपासून करू. सातव्या एडवर्डचा राज्याभिषेक जूनमध्ये ठरला होता. २६ आणि २७ जूनला मिरवणुका निघणार होत्या. मिरवणुकीच्या रस्त्यावरच्या खोल्या लोक दिवसापुरत्या भाड्याने देत होते, खिडकीतून बघायला. पॉल मॉल रस्त्यावरच्या अशाच काही खोल्या एका माणसाने ७५ पौंडांना ठरवल्या आणि २५ पौंड आगाऊ दिले. ऐन वेळी राजाला अपेंडिक्सचा आजार झाला आणि मिरवणूक पुढे ढकलली गेली. खोली तिथेच होती, खिडकीही होती, फक्त खाली बघायला काही नव्हतं. मालकाने उरलेल्या ५० पौंडांसाठी दावा लावला. क्रेल विरुद्ध हेन्री या १९०३ च्या निवाड्यात न्यायालयाने सांगितलं, की हा करार नुसत्या खोलीचा नव्हता. मिरवणूक हा त्याचा पाया होता, आणि पायाच गेला तर उरलेले पैसे द्यायला नकोत.

इथे माझी एक फजिती झाली. प्रकरणाच्या पहिल्या खर्ड्यात मी बिनधास्त लिहिलं होतं, की भाडेकरूला आगाऊ दिलेले २५ पौंडही परत मिळाले. दोन-तीन ठिकाणी वाचलं होतं ना! माझ्या गाइड मॅडमनी त्या वाक्याभोवती लाल गोल काढला आणि बाजूला फक्त "मूळ निवाडा?" असं लिहिलं. मूळ निवाडा काढून वाचला. भाडेकरूने २५ पौंडांची मागणी आधी केली होती, पण अपिलात ती सोडून दिली होती. म्हणजे ते पैसे मालकाकडेच राहिले. तेव्हाचा इंग्लंडमधला नियमच असा होता, की करार कोसळला तर त्या क्षणी ज्याच्या हातात जे आहे ते त्याचंच. देण्याची वेळ अजून आली नसेल तर सुटलात, आधी भरलं असेल तर गेलं. बाबांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे तेव्हापासून हेच चाललंय."

याच राज्याभिषेकातलं दुसरं प्रकरण मला जास्त आवडतं, कारण ती खरोखरच सहल होती. आरमाराची पाहणी राजा करणार म्हणून एकाने ती दाखवायला लोकांना घेऊन जाण्यासाठी हर्न बे इथल्या कंपनीची आगबोट २५० पौंडांना ठरवली आणि ५० पौंड आगाऊ भरले. पाहणी रद्द झाली. या वेळी मात्र न्यायालयाने बोट ठरवणाऱ्यालाच जबाबदार धरलं. राजा आला नाही हे खरं, पण आरमार समुद्रात उभं होतंच, ते बघता आलं असतं. एकच राजा, एकच आजारपण, तेच अपील न्यायालय, आणि निकाल दोन. सहलीचा गाभा कोणता, यावर सगळं फिरलं. आज तुम्ही टूर कंपनीशी "आयफेल टॉवर बंद असेल तर?" यावरून वाद घालता ना, तो याच जातीचा वाद आहे.

आपल्याकडची गंमत म्हणजे १८७२ चा भारतीय करार कायदा या बाबतीत पुढे होता. कलम ५६ म्हणतं, की पार पाडणं अशक्य झालेला करार शून्य होतो. कलम ६५ म्हणतं, की शून्य झालेल्या करारात ज्याने जो लाभ घेतला तो त्याने परत करावा किंवा भरून द्यावा. इंग्लंडला आगाऊ रक्कम परत मिळवण्याचा रस्ता १९४२ च्या फिब्रोसा निवाड्याने उघडला. पोलंडच्या एका कंपनीने लीड्समध्ये यंत्रांची ऑर्डर देऊन १,००० पौंड भरले होते आणि मध्येच महायुद्ध सुरू झालं. त्यानंतर १९४३ मध्ये तिथे तसा कायदा झाला. भारतीय करार कायदाही साहेबानेच केला, हे खरं. पण त्यांनी आपल्याला दिलेला नियम स्वतःच्या घरी न्यायला ७० वर्षं लावली.

आता सहलींकडे येऊ. थॉमस कुक यांनी ५ जुलै १८४१ ला लेस्टरहून लफबरोला दारूबंदीच्या सभेसाठी रेल्वेने सुमारे ५०० माणसं नेली, माणशी एक शिलिंग. पर्यटनाचा इतिहास बहुतेक इथून सांगतात. पण आज आपण ज्याला पॅकेज टूर म्हणतो, विमान, राहणं, जेवण सगळं एका किमतीत, ती १९५० ची. व्लादिमिर राइट्झ यांच्या होरायझन कंपनीने लंडनहून कॉर्सिका बेटावरच्या काल्व्हीला लोक नेले. ३२ पौंड १० शिलिंग, मुक्काम तंबूत. धंदा प्रचंड वाढला आणि त्याबरोबर एक नवी अडचण आली: इथे ग्राहक नेमकं काय विकत घेतो? विमानातली जागा? हॉटेलची खोली? की आणखी काही?

याचं उत्तर स्वित्झर्लंडमधल्या एका फसलेल्या नाताळाने दिलं. जार्व्हिस विरुद्ध स्वान्स टूर्स हा निवाडा कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असतो. आपल्यासारख्यांनी तो मुद्दाम वाचावा, कारण पुरावा कसा मांडावा याचा तो सुंदर नमुना आहे. एका नगरपालिकेत नोकरी करणाऱ्या वकिलाने १९६९ च्या नाताळासाठी १५ दिवसांची सहल घेतली, ६३.४५ पौंडांना. ब्रोशरमध्ये लिहिलं होतं, की हॉटेलात घरच्यासारखी पार्टी असेल, मालक इंग्रजी बोलतो, दुपारी चहाबरोबर केक मिळेल, एक संध्याकाळ योडेल गाण्याची असेल. पहिल्या आठवड्यात १३ पाहुणे होते. दुसऱ्या आठवड्यात हा एकटाच! 'घरच्यासारखी पार्टी' एकट्याची. मालकाला इंग्रजी येत नव्हतं. केकच्या जागी बटाट्याचे काप आणि सुके नटकेक होते. योडेल गाणारा म्हणून गावातला एक माणूस कामाच्या कपड्यांतच आला, चार-पाच गाणी भराभर म्हणाला आणि गेला.

खालच्या न्यायालयाने हिशेब केला: विमान मिळालं, खोली मिळाली, म्हणजे निम्मी सहल मिळाली. नुकसान ३१.७२ पौंड. १९७२ मध्ये लॉर्ड डेनिंग यांच्या अपील न्यायालयाने ही रक्कम १२५ पौंड केली, भरलेल्या किमतीच्या जवळपास दुप्पट. तोवर करारभंगात मनस्तापाची भरपाई सहसा मिळत नसे. न्यायालयाचं म्हणणं असं, की सहलीच्या करारात आनंद हीच विकलेली वस्तू आहे. वर्षाची रजा एकदाच मिळते, ती वाया गेली याचंही मोल आहे.

रद्द करण्याशी याचा काय संबंध, असं तुम्ही विचाराल. थेट नाही, पण पाया हाच आहे. सहल म्हणजे वेगवेगळ्या वस्तूंची मोळी असेल, तर हॉटेल बंद पडलं तरी विमानाचे पैसे गेलेच, कारण विमान तर उडणार होतं. सहल ही एकच वस्तू मानली, तरच ती सगळीच्या सगळी रद्द करता येते, आणि पैसे परत मागायला एकच दार असतं.

दार एकच असलं आणि तेच बंद झालं तर? ऑगस्ट १९७४ मध्ये ब्रिटनची कोर्ट लाइन कंपनी बुडाली. क्लार्कसन्स आणि तीच आपली होरायझन तोवर तिच्या छत्राखाली आल्या होत्या. हजारो लोक परदेशात अडकले, त्याहून जास्त लोकांचे पुढच्या सहलींचे पैसे अडकले. १९७५ मध्ये त्यासाठी राखीव निधीचा कायदा करावा लागला. युरोपीय समुदायाने १३ जून १९९० ला पॅकेज सहलींबद्दलचा पहिला निर्देश काढला. सदस्य देशांनी १९९२ च्या अखेरपर्यंत तो आपापल्या कायद्यात आणायचा होता. जर्मनीने आणला नाही. १९९३ मध्ये तिथल्या कंपन्या बुडाल्या तेव्हा ग्राहकांना संरक्षण नव्हतं. त्यांनी थेट स्वतःच्या सरकारवर दावा लावला आणि १९९६ च्या डिलेनकोफर निवाड्यात युरोपीय न्यायालयाने त्यांची बाजू घेतली: कायदा वेळेत न केल्याची किंमत सरकारने मोजावी.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. १९९० च्या त्या निर्देशात प्रवाशाला स्वतःहून सहल रद्द करण्याचा सरसकट हक्क नव्हता. कंपनीने मोठा बदल केला तर माघार घेता येई, किंवा अडचण आली तर आपली जागा दुसऱ्याला देता येई, एवढंच. रद्द करण्याचा हक्क जर्मनीच्या कायद्यात मात्र १९७९ पासून होता. सहल सुरू होण्याआधी केव्हाही माघार घ्या. कंपनीचा किमतीवरचा हक्क जाईल, तिला फक्त वाजवी भरपाई मागता येईल. हाच साचा २०१५ च्या नव्या युरोपीय निर्देशात आला आणि १ जुलै २०१८ पासून लागू झाला. त्याचं कलम १२ माझ्या टेबलासमोर चिकटवलेलं आहे, म्हणून जरा तपशिलात जाते.

केव्हाही रद्द करता येतं, पण शुल्क पडतं. हे शुल्क कंपनीच्या मर्जीचं नाही. सहल न केल्यामुळे तिचा किती खर्च वाचला आणि ती जागा दुसऱ्याला विकून किती मिळालं, हे वजा करून जे उरतं त्याच्याशी ते जुळलं पाहिजे. प्रवाशाने विचारलं तर आकडा कसा आला हे सांगावं लागतं. मुक्कामाच्या जागी किंवा तिच्या अगदी जवळ टाळता न येणारी असाधारण परिस्थिती उद्भवली आणि तिचा सहलीवर मोठा परिणाम होणार असला, तर शुल्कच नाही, पूर्ण रक्कम परत. आणि परतावा १४ दिवसांच्या आत.

मग २०२० उजाडलं. सगळ्यांचे पैसे एकदम परत केले तर कंपन्या बुडतील, म्हणून फ्रान्सने मार्चमध्ये वटहुकूम काढला: १८ महिन्यांचं व्हाउचर द्या, तोवर रोख नको. युरोपीय न्यायालयाने ८ जून २०२३ ला हे अमान्य केलं. परतावा म्हणजे पैसे. प्रवाशाने स्वखुशीने व्हाउचर घेतलं तर गोष्ट वेगळी. आमच्या खालच्या काकूंना हे सांगितलं. त्यांची क्रेडिट नोट न वापरताच मुदतबाह्य झाली होती. त्या नुसतं हसल्या.

आणि आता बाबांचं प्रकरण. म्हणजे जवळपास बाबांचंच. एका जर्मन प्रवाशाने जानेवारी २०२० मध्ये स्वतःसाठी आणि पत्नीसाठी जपानची सहल घेतली. ३ ते १२ एप्रिल, ६,१४८ युरो. १ मार्चला त्याने करोनाच्या भीतीने ती रद्द केली. कंपनीने २५ टक्के, म्हणजे १,५३७ युरो शुल्क लावलं आणि त्याने ते भरलं. २६ मार्चला जपानने प्रवेशबंदी केली. तेव्हा त्याने सगळे पैसे परत मागितले: सहल होणारच नव्हती, मग शुल्क कसलं? पहिल्या न्यायालयाने त्याला पैसे द्यायला सांगितलं, वरच्याने नाकारलं. जर्मनीच्या सर्वोच्च न्यायालयाने युरोपीय न्यायालयाला विचारलं: रद्द केल्यानंतर जे घडलं, ते धरायचं की नाही?

२९ फेब्रुवारी २०२४ चं उत्तर: नाही. फक्त रद्द केल्याच्या दिवशीची परिस्थिती बघायची. त्या दिवशी, बऱ्यापैकी माहिती ठेवणाऱ्या सर्वसाधारण सावध प्रवाशाला काय दिसत होतं आणि त्यावरून त्याने काय अंदाज बांधला असता, एवढंच.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला राग आला. प्रवाशाचा अंदाज खरा ठरला होता, तरी त्याचा उपयोग नाही? मग उलटी बाजू बघितली. समजा, रद्द करताना धोका उघड दिसत होता, पण सहलीच्या तारखेपर्यंत सगळं निवळलं. नंतरची परिस्थिती धरली तर त्या प्रवाशाचा हक्क मागाहून काढून घेता येईल. मग कुणीच वेळेवर रद्द करणार नाही. सगळे शेवटच्या दिवसापर्यंत ताटकळतील, आमच्या काका-काकूंसारखे.

तुम्ही प्रयोग करणारे असाल तर हे तुम्हाला ओळखीचं वाटेल. निकाल बघून मग गृहीतक लिहायचं नाही, हा नियम आपण शिकतो, आणि मोडतोही. बारुख फिशहॉफ यांनी १९७५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात काही लोकांना १८१४ च्या इंग्रज-गुरखा संघर्षाची माहिती दिली. काहींना शेवट सांगितला, काहींना नाही. ज्यांना जो शेवट सांगितला, त्यांना तोच आधीपासून जास्त संभवनीय वाटला. न्यायाधीशांनाही हा मोह होणारच, म्हणून तारखेची रेघ आखून द्यावी लागते. मी माझ्या प्रत्येक प्रकरणासाठी आता दोन रकाने ठेवते: निर्णयाच्या दिवशी काय माहीत होतं, आणि नंतर काय कळलं. वर्तमानपत्रांची जुनी पानं तारखेनुसार चाळून पहिला रकाना भरायचा. वेळखाऊ काम आहे. पण दुसऱ्या रकान्यातली माहिती पहिल्यात कशी झिरपते हे तिथेच दिसतं.

मग बाबांसाठी तोच तक्ता केला. पहिल्या रकान्यात: ८ मार्चला लोंबार्दीत निर्बंध, ९ ला संध्याकाळी संपूर्ण इटली बंद करण्याची घोषणा. दुसऱ्या रकान्यात: ११ मार्चला जागतिक आरोग्य संघटनेने महासाथ जाहीर केली, २५ ला आपल्याकडे लॉकडाऊन. जर्मन प्रवासी आपल्या सहलीच्या ३३ दिवस आधी अंदाज बांधत होता, बाबा ५८ दिवस आधी. जितकं लांबचं भाकीत तितकी त्यातली अनिश्चितता जास्त, हे मी कुणाला सांगायला नको. प्रामाणिकपणे सांगते, युरोपचा नियम लावला असता तरी 'असाधारण परिस्थिती'वर बाबांची बाजू लंगडीच ठरली असती, असं माझं मत आहे. मुलगी म्हणून ते लिहिताना जड जातं.

पण कलम १२ चा दुसरा भाग उरतो. ४०,००० कशाचे? आणि हा प्रश्न आपल्या कायद्यातही विचारता येतो. पॅकेज सहलींसाठी भारतात असा स्वतंत्र कायदा नाही, पण करार कायद्याचं कलम ७४ आहे. करारात दंडाचा आकडा लिहिलेला असला तरी मिळते ती वाजवी भरपाई, आणि लिहिलेला आकडा ही तिची कमाल मर्यादा. सर्वोच्च न्यायालयाने १९६३ च्या फतेह चंद निवाड्यात हे कलम आगाऊ भरलेली रक्कम जप्त करण्यालाही लावलं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने 'अनुचित करार' ही कल्पना आणली. झालेल्या नुकसानीच्या मानाने अगदीच अवाजवी दंड लावणारी अट त्यात येते. फक्त मेख अशी, की अनुचित कराराची तक्रार जिल्हा आयोगात चालत नाही, राज्य किंवा राष्ट्रीय आयोगात जावं लागतं. साध्या सेवेतल्या त्रुटीची तक्रार मात्र तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात करता येते. मुदत दोन वर्षांची. आमची केव्हाच गेली.

हे सगळं मी बाबांना एका रविवारी, तक्ता समोर ठेवून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "म्हणजे मी पैसे मागितले, हिशेब मागायला हवा होता."

या दिवाळीत ते दोघं केरळला जाणार आहेत, दुसऱ्या कंपनीबरोबर. फॉर्मवर सही करण्याआधी बाबांनी मागचं पान पेन्सिलीने खुणा करत वाचलं आणि कंपनीला विचारलं, की ३० दिवस आधी रद्द केल्यास ५० टक्के, हा आकडा कशावरून काढला? उत्तर एका ओळीत आलं: कंपनीच्या धोरणानुसार. ते ईमेल त्यांनी प्रिंट काढून फाइलला लावलं आहे, वर तारीख घालून.